तळघर भाड्याने देण्याआधी

न्यू जर्सीत किंवा टोरांटोच्या आसपास घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांत एक हिशेब हमखास मांडला जातो. वर आपण राहायचं, खालचा भाग भाड्याने द्यायचा आणि त्या भाड्यातून कर्जाच्या हप्त्याचा भार हलका करायचा. भाडेकरू शोधायलाही लांब जावं लागत नाही. पुण्याहून, नागपूरहून शिकायला आलेली मुलं व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत खोलीची चौकशी करतच असतात. मग तळघरात छोटं स्वयंपाकघर उभं राहतं, कार्पेट पडतं, न्हाणीघराला टाइल्स लागतात. हिशेबात रंगाचा खर्च असतो, फ्रिजचा असतो. रात्री दोन वाजता जिना धुराने भरला तर खाली झोपलेला मुलगा कुठून बाहेर पडणार, याची ओळ मात्र त्यात क्वचितच असते.

ही ओळ घरमालकाच्याच वहीत असायला हवी. भाडेकरू खोली बघायला येतो तेव्हा त्याचं लक्ष भाड्यावर, वायफायवर आणि बसथांब्याच्या अंतरावर असतं. खिडकी उघडते का, हे तो बघत नाही. कायदाही हे काम त्याच्यावर टाकत नाही.

आधी एक खुलासा. अशा घराला तिकडे डुप्लेक्स म्हणतात, पण हे डुप्लेक्स म्हणजे आतून जिना असलेला आलिशान फ्लॅट नव्हे. एका छपराखाली दोन स्वतंत्र बिऱ्हाडं, वर-खाली किंवा शेजारी-शेजारी, असं ते घर. अशा घरांसाठी अमेरिकेत सगळीकडे लागू होणारा एकच कायदा नाही. बहुतेक राज्यांनी ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ ही नमुना संहिता कमी-अधिक फेरफार करून स्वीकारली आहे आणि तिच्यात एक व दोन कुटुंबांच्या घरांचे नियम येतात. पुढची मापं या संहितेतली आहेत. आपल्या गावाने त्यांत काय बदल केला आहे, हे तिथल्या बांधकाम कार्यालयात विचारूनच पक्कं करावं. तो फोन फुकट असतो.

नियमांचा गाभा सोपा आहे. प्रत्येक बिऱ्हाडाला थेट मोकळ्या जागेत नेणारा एक मुख्य दरवाजा हवा. शिवाय झोपायच्या प्रत्येक खोलीला आणि तळघराला, दरवाज्याची वाट बंद झाली तर माणूस बाहेर पडू शकेल आणि अग्निशामक आत शिरू शकेल, अशी आणखी एक मोकळीक हवी. बहुतेक घरांत ही मोकळीक म्हणजे खिडकी.

मुख्य दरवाजा बिजागरीवर उघडणारा असावा लागतो. सरकता दरवाजा त्या कामाला चालत नाही. पूर्ण उघडल्यावर मिळणारी मोकळी रुंदी किमान 32 इंच आणि उंची 78 इंच हवी. त्या दारापर्यंतची वाट गॅरेजमधून जाता कामा नये, कारण पेट्रोलची गाडी, रंगाचे डबे आणि गवत कापायचं यंत्र तिथेच असतं. नव्याने केलेल्या तळघरांत ही चूक बरीच दिसते: भाडेकरूला ‘स्वतंत्र प्रवेश’ म्हणून गॅरेजच्या मागचं दार दिलेलं असतं. तसंच, खालच्या माणसाला बाहेर पडायला वरच्यांच्या दिवाणखान्यातून जावं लागत असेल आणि वरचे रात्री मधलं दार लावून झोपत असतील, तर खालच्याला दरवाजा आहे असं म्हणताच येत नाही.

किल्लीचा मुद्दा मराठी घरांना खास सांगावा लागतो. आतूनही किल्लीनेच उघडणारं कुलूप अमेरिकेत सहज विकत मिळतं, पण बाहेर पडण्याच्या मुख्य दारावर ते लावायला मनाई आहे. दार आतून किल्ली किंवा हत्यार न वापरता, कुठलीही खास युक्ती माहीत नसताना उघडलं पाहिजे. आपल्याकडे सेफ्टी डोअरला आतून कुलूप घालून किल्ली फ्रिजवर ठेवायची, खिडक्यांना गज नाहीतर जाळी ठोकायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. मुंबई-पुण्यात चोराला भिऊन लागलेली ही सवय विमानातून सोबत येते. गजांना तिकडे सरसकट बंदी नाही. पण सुटकेच्या खिडकीवर गज असतील तर ते आतून, किल्लीशिवाय आणि खिडकी उघडायला लागतो त्याहून जास्त जोर न लावता बाजूला करता आले पाहिजेत. स्क्रूने पक्के केलेले गज या कसोटीला उतरत नाहीत.

आता खिडकी. गफलत सगळ्यांत जास्त होते ती इथे, म्हणून टेप हातात घेऊनच हा भाग वाचलेला बरा.

सुटकेची खिडकी उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा किमान 5.7 चौरस फूट हवी. मोकळी उंची 24 इंचांहून आणि मोकळी रुंदी 20 इंचांहून कमी नको. खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून 44 इंचांपेक्षा वर नको, नाहीतर लहान मुलाला किंवा सुट्टीत आलेल्या आजींना त्यावर चढता येणार नाही. खिडकी बाहेरच्या जमिनीलगत किंवा जमिनीच्या पातळीखाली असेल, तर 5.7 ऐवजी 5 चौरस फूट चालतात. मोकळी जागा एवढी मागण्याचं कारण उघड आहे. पाठीवर हवेची टाकी घेतलेल्या अग्निशामकाला त्यातून आत यायचं असतं.

कंत्राटदार पुष्कळदा ‘वीस बाय चोवीस झालं की पास’ असं ठोकून देतात. गुणाकार करून बघावा. 20 गुणिले 24 म्हणजे 480 चौरस इंच, म्हणजे जेमतेम 3.33 चौरस फूट. दोन्ही किमान मापं पाळूनही खिडकी नापास! उंची 24 इंचच ठेवायची तर रुंदी 34 इंचांहून थोडी जास्त लागते. रुंदी 20 इंचच असेल तर उंची 41 इंचांच्या वर न्यावी लागते. तळघरासाठी 5 चौरस फुटांची सवलत लागू असेल, तर 24 बाय 30 बरोबर बसतं.

दुसरी गफलत त्याहून मोठी. नियम खिडकीच्या आकाराबद्दल बोलत नाही. ती उघडल्यावर जे भोक राहतं, त्याबद्दल बोलतो. चार फूट रुंद आणि तीन फूट उंच सरकती खिडकी डोळ्यांना प्रशस्त दिसते. भिंतीवर तिचं क्षेत्रफळ 12 चौरस फूट भरतं. पण तिची अर्धीच बाजू सरकते आणि चौकटीची जाडी वजा केल्यावर हातात जेमतेम 5 चौरस फूट उरतात. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या पद्धतीच्या खिडकीचंही तेच. चार फूट उंच खिडकीचा खालचा भाग पूर्ण वर ढकलला तरी मोकळी उंची 24 इंच भरत नाही. तळघरात जागा कमी असते, म्हणून तिथे दारासारखी एका बाजूच्या बिजागरीवर उघडणारी खिडकी बसवणं शहाणपणाचं. ती जवळजवळ सगळीच मोकळी होते. खिडकी विकणाऱ्याकडून ‘मोकळ्या जागे’चं माप लेखी घ्यावं. छापील पत्रकात ते वेगळ्या रकान्यात दिलेलं असतं.

तळघराची खिडकी जमिनीखाली असते, त्यामुळे तिच्यापुढे खड्डा खणावा लागतो. त्याला तिकडे विंडो वेल म्हणतात. हा खड्डा किमान 9 चौरस फुटांचा हवा आणि भिंतीपासून बाहेर व आडवा, दोन्ही दिशांना किमान 36 इंच. खोली 44 इंचांहून जास्त असेल, तर त्यात पक्की शिडी किंवा पायऱ्या लागतात. खड्ड्यावर झाकण बसवता येतं, पण ते आतून हाताने सहज उचललं गेलं पाहिजे. वर लाकडी डेक असेल तर खिडकीतून बाहेर पडणाऱ्याला डेकखालून अंगणात जाता यावं म्हणून किमान 36 इंच उंची मोकळी ठेवावी लागते. खड्ड्याच्या तळाशी खडी आणि पाणी वाहून नेणारी नळी हवीच. नाहीतर पहिल्याच पावसात सुटकेच्या वाटेची टाकी होते. डिसेंबरनंतर बर्फ काढताना ड्राइव्हवेइतकंच लक्ष या खड्ड्याकडेही द्यावं.

भिंत फोडायला परमिट लागतं. खोदण्याआधी 811 वर फोन करून गॅस, वीज आणि पाण्याच्या वाहिन्यांवर खुणा करून घ्याव्या लागतात. जाणकार गवंडी जमलं तर जुन्या खिडकीची रुंदी तशीच ठेवतात आणि फक्त खालच्या बाजूला काँक्रीट कापतात, कारण रुंदी वाढली की वरची तुळई बदलावी लागते आणि खर्च उडी मारतो. तरीही हे काम काही हजार डॉलरांचं असतं. म्हणूनच घरमालक ते पुढच्या वर्षावर ढकलतात.

हे सगळं आगीपुरतंच आहे असं कोणी समजत असेल, तर 1 सप्टेंबर 2021 ची रात्र आठवावी. आयडा वादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात तीन इंचांहून अधिक पाऊस पाडला. शहरात 13 माणसं गेली. त्यातली 11 तळघरांतल्या घरांत बुडाली, बहुतेक क्वीन्समध्ये. मरणाऱ्यांत दक्षिण आशियातून स्थायिक झालेली माणसंही होती. अर्धा मीटर पाणी नेहमीच्या मापाच्या दारावर जवळपास शंभर किलो वजनाइतका दाब टाकतं. दार त्या पाण्याच्या विरुद्ध दिशेला ओढायचं असेल तर एकट्या माणसाला ते जमत नाही. अशा वेळी उंचावर असलेली, मोठी उघडणारी खिडकी हीच वाट. पण खिडकीपुढचा खड्डाच रस्त्यावरच्या पाण्याने भरत असेल, तर तीही उपयोगाची नाही. पुराच्या नकाशात घर कुठे येतं हे बघणं म्हणूनच खिडकीच्या मापाइतकं महत्त्वाचं ठरतं. वारंवार पाणी शिरणाऱ्या तळघरात सामान ठेवावं, माणसं झोपवू नयेत.

वरच्या टोकाला पोटमाळा. तोही भाड्याने जातो, विशेषतः विद्यापीठांच्या गावांत. एप्रिल 2013 मध्ये बॉस्टनच्या ऑलस्टन भागात विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या दोन बिऱ्हाडांच्या घराला आग लागली आणि बॉस्टन विद्यापीठाची 22 वर्षांची विद्यार्थिनी पोटमाळ्यावरच्या खोलीत अडकून मरण पावली. पुढच्या वर्षी ‘बॉस्टन ग्लोब’ने गर्दीने भरलेल्या विद्यार्थी-घरांचा पाठपुरावा केला तेव्हा असे किती पोटमाळे भाड्याने दिले जातात हे समोर आलं. मॅसॅच्युसेट्सचे नियम नमुना संहितेपेक्षा कडक आहेत. तिथे बिऱ्हाडाला एकमेकांपासून दूर असलेले बाहेर पडण्याचे दोन दरवाजे लागतात. खिडकीला अडकवायची दोरीची किंवा साखळीची शिडी घेऊन ठेवणं चांगलंच, पण इन्स्पेक्टर तिला दुसरी वाट मानत नाही.

वाट असून भागत नाही, वेळेत जाग यावी लागते. 5 जानेवारी 2022 च्या पहाटे फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट भागात एका तीन मजली चाळवजा रो-हाउसमध्ये, जे दोन बिऱ्हाडांत विभागलेलं होतं, वरच्या घरातले 12 जण मेले. त्यात 9 मुलं होती. मधल्या मजल्यावर ख्रिसमसच्या झाडाने पेट घेतला होता. घर शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या मालकीचं, म्हणजे खासगी मालकाने कानाडोळा केला असंही म्हणता येत नाही. तपासात त्या वरच्या घरात चालू स्थितीतला एकही धूर-अलार्म सापडला नाही. काही अलार्म ड्रॉवरमध्ये पडले होते, बॅटऱ्या काढलेल्या. अमेरिकेत घरांच्या आगींत मरणाऱ्या दर पाच जणांपैकी जवळपास तीन जण अलार्म नसलेल्या किंवा बंद असलेल्या घरांतले असतात, असं एनएफपीए ही अग्निसुरक्षा संस्था सांगते.

लोक बॅटऱ्या काढतात त्याला कारण असतं, आणि मराठी स्वयंपाकघराला ते चांगलंच ठाऊक आहे. फोडणी पडली की अलार्म कोकलतो. उपाय बॅटरी काढण्याचा नाही. अलार्म शेगडीपासून लांब सरकवावा आणि शेगडीवर बाहेर हवा फेकणारा पंखा बसवावा. संहितेनुसार अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीत, त्या खोल्यांच्या बाहेर आणि तळघर धरून प्रत्येक मजल्यावर हवा, आणि एका बिऱ्हाडातले सगळे अलार्म एकमेकांशी जोडलेले हवेत. एक वाजला की सगळे वाजतात. खालच्या बिऱ्हाडात लागलेली आग वरच्यांनाही त्याच क्षणी कळावी, अशी सोय मालकाने केली तर उत्तम. बिनतारी जोडणीचे अलार्म त्यासाठी मिळतात. गॅसचा बॉयलर किंवा घराला लागून गॅरेज असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लागतो. त्या वायूला वास नसतो. धूर-अलार्मचं आयुष्य दहा वर्षं. मागे छापलेली तारीख बघून तो बदलावा.

दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीचा आणि छताचाही बाहेर पडण्याशी संबंध आहे, कारण तीच पळायला वेळ देते. नव्या बांधकामात दोन बिऱ्हाडांमध्ये एक तास आग रोखणारं विभाजन लागतं. जुन्या घरात ते असेलच असं नाही, पण तळघराचं छत उघडं ठेवून त्याखाली भाडेकरू ठेवणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. अंडररायटर्स लॅबोरेटरीजच्या अग्निसंशोधन संस्थेचं म्हणणं असं, की काही दशकांपूर्वी घराला आग लागल्यावर बाहेर पडायला साधारण 17 मिनिटं मिळत. आज सोफ्यांमधल्या फोममुळे आणि कृत्रिम धाग्यांमुळे तीनच मिनिटं, कधी त्याहूनही कमी. याच संस्थेने दाखवून दिलं आहे, की झोपताना खोलीचं साधं दार बंद असेल तर धूर आणि उष्णता बराच वेळ बाहेरच अडतात. या उपायाला एक पैसाही लागत नाही. भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावा.

घराची किल्ली हातात देताना आणखीही काही सांगावं लागतं आणि करारात लिहावं लागतं. खिडकी नियमाने केली, पण जूनमध्ये मुलाने तिच्यातच एसी बसवला, की ती खिडकी गेली. त्या खोलीसाठी मालकाने दुसऱ्या खिडकीत किंवा भिंतीत एसीची सोय करून द्यावी, नुसती मनाई करू नये. खिडकीपुढे कपाट नको. सामाईक जिन्यावर चपलांचं रॅक, तांदळाच्या गोण्या आणि बाबागाडी ही तर वरच्या बिऱ्हाडाचीच कृपा असते. त्यात आता ई-बाइकची भर पडली आहे. तिची बॅटरी पेटते तेव्हा ती सावकाश पेटत नाही, जवळजवळ स्फोटच होतो. 2023 मध्ये एकट्या न्यूयॉर्क शहरात लिथियम बॅटऱ्यांच्या आगींत 18 जणांचा जीव गेला. डिलिव्हरीची कामं करणारा विद्यार्थी ती बॅटरी दाराजवळच्या प्लगला लावतो, म्हणजे बरोबर बाहेर पडण्याच्या वाटेवर.

कागदपत्रांचं थोडक्यात. न्यू जर्सीत एक किंवा दोन कुटुंबांचं घर विकताना किंवा भाडेकरू बदलताना धूर-अलार्म, कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणि अग्निशामक नळकांड्याचं प्रमाणपत्र स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्याकडून घ्यावं लागतं. नळकांडं स्वयंपाकघरापासून दहा फुटांच्या आत असावं लागतं. बॅटरीवर चालणारा अलार्म वापरायचा तर 2019 पासून तो दहा वर्षांच्या सीलबंद बॅटरीचाच लागतो.

त्याही आधीचा प्रश्न म्हणजे घराची नोंद काय आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या जाहिरातींत ‘मदर-डॉटर’ नावाची घरं दिसतात. दुसरं स्वयंपाकघर असतं, वेगळं दार असतं आणि दलाल भाड्याचा आकडाही सांगून मोकळा होतो. नोंदीत मात्र ते एकाच कुटुंबाचं घर असतं. आई-वडिलांना तिथे ठेवता येतं, परक्या भाडेकरूला ठेवता येत नाही. न्यू जर्सीत अशा बेकायदा बिऱ्हाडातून भाडेकरूला बाहेर काढावं लागलं, तर मालकाने त्याला महिन्याच्या भाड्याच्या सहापट रक्कम स्थलांतरासाठी द्यावी, असा कायदा आहे. आणि घरात भाडेकरू आहे हे विमा कंपनीला कळवलेलंच नसेल, तर आगीनंतर दावा अडकण्याची दाट शक्यता.

कॅनडात मापं मेट्रिक, पण सापळा तोच. राष्ट्रीय संहितेनुसार झोपायच्या खोलीच्या खिडकीची मोकळी जागा किमान 0.35 चौरस मीटर आणि कुठलीही बाजू 380 मिलिमीटरहून कमी नको. 380 बाय 380 केलं तर निम्मंसुद्धा भरत नाही. खिडकी हाताने धरून ठेवावी न लागता उघडी राहिली पाहिजे, अशीही अट तिथे आहे. त्यामुळे वरच्या बिजागरीवर आत उचलायच्या खिडक्या बहुधा बाद होतात. ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा इथल्या मालकांनी ऑन्टारिओच्या फायर कोडमधला 9.8 हा विभाग वाचावा. तो खास दोन बिऱ्हाडांच्या घरांसाठीच आहे.

एवढं सगळं मोजून झाल्यावर काही खोल्या उरतातच. खिडकी मोठी करायला बाजूला जागा नाही, पलीकडे शेजाऱ्याची भिंत आहे, बाहेर पडायचं तर बॉयलरच्या खोलीतून. अशी खोली रंगवून, गालिचा घालून, भाडं शंभर डॉलरने कमी करूनही देऊ नये. तिथे सायकली आणि दिवाळीच्या आकाशकंदिलांचे खोके ठेवावेत.